समोरचा काठ

सरकारी मुलाखतीत मी साडेचार तास खोटं बोलले. मध्ये दोनदा चहा झाला, तेवढा वेळ सोडला तर एकही वाक्य खरं नव्हतं. हे मी जरा तोऱ्यात सांगतेय हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मुलाखत घेणारी माझीच पोटची मुलगी होती, तेव्हा लाज वाटायला हवी होती असं कोणी म्हणेल. तेव्हा नाही वाटली.

मी सुगंधा मोकल, राहणार वाघखार, तालुका पेण. आमच्या खाडीत जिताडा मिळतो. ज्यांनी खाल्लाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी खाल्ला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. पूर्वी तो ताटासाठी धरायचे. आता दोन हजार एक्केचाळीस साल चालू आहे आणि गेली सहा वर्षं त्याची स्पर्धा होते. दर मार्गशीर्षात बेचाळीस होड्या उतरतात, एका होडीत दोन माणसं, एक काठी धरणारा आणि एक होडी हाकणारा तांडेल. जिवंत आमिष चालत नाही, फक्त खोटा मासा लावायचा, लाकडाचा नाहीतर रबराचा. धरलेला जिताडा होडीतच पट्टीवर मोजायचा आणि पाण्यात सोडायचा. तीन माशांच्या लांबीची बेरीज करतात.

आता खोट्याबद्दल. आमच्या खाडीत "कुठं मिळाला?" असं सगळेच विचारतात, पण खरं उत्तर मिळावं म्हणून कोणी विचारत नाही. ते रामरामासारखं असतं. विचारलं की समोरच्या काठावरचं नाव सांगायचं. दक्षिणेला मिळाला असेल तर म्हणायचं, उत्तरेला, मोठ्या उघाडीपाशी. उघाडी म्हणजे खारबांधातलं दार, ज्यातून भाताच्या खाचरांतलं पाणी ओहोटीला खाडीत सोडतात. ऐकणाराही "असं का" म्हणतो आणि विसरतो. यात कोणाची फसवणूक होत नाही, कारण विश्वास कोणी ठेवतच नाही. जागा तोंडानं सांगितली की ती आटते, असं आमच्याकडे मानतात.

मग ती पुढच्या पिढीला कळते कशी? दाखवून. मी बारा वर्षांची असताना माझ्या बापानं मला होडीत बसवलं आणि दक्षिणेच्या तिवरांच्या कडेनं निघाला. एका ठिकाणी त्याचं वल्हं थांबलं. मला वाटलं विडी पेटवायला थांबलाय, पण विडी त्यानं काढलीच नाही. होडी थोडी वाहवली, मग वल्हं परत चालू झालं. घरी येईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. त्याच्या बापानंही त्याला असंच दाखवलं होतं.

माझी मुलगी जुईली ही मत्स्यशास्त्रातली डॉक्टर आहे. एकतीस वर्षांची आहे, आणि आठ वर्षं तिनं एका यंत्रावर घालवली आहेत. त्या यंत्राला तिच्या खाडी अभ्यास केंद्रात भलंमोठं नाव आहे. न दिसणारं ओळखून सांगतं म्हणून गावानं त्याला भगत म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं.

भगताचं काम समजायला अवघड नाही. मासा पाण्यातून जातो तेव्हा मागे काहीतरी सोडत जातो, थोडा चिकटा, खवल्याचा कण, शेण म्हणा. त्यात त्याच्या जातीची खूण असते. जुईलीच्या केंद्रानं एक काडी केली, ती पाण्यात बुडवली की चार मिनिटांत सांगते की इथून कोणता मासा गेला, केवढा होता, नर होता की मादी. जिताड्यात हे शेवटचं फार महत्त्वाचं. सगळे जिताडे नर म्हणून वाढतात. चारपाच वर्षांचे झाले, दोन हात लांबी ओलांडली, की त्यांची मादी होते. म्हणजे मीटरभराच्या वरचा जिताडा धरलात तर ती बाईच समजायची, आणि खाडीतली पुढची सगळी पोरं तिचीच.

पण काडीची एक अडचण होती. भरती-ओहोटी पाणी घुसळते. इथं मिळालेली खूण दोन कोस वरून वाहत आलेली असू शकते. खाडीत माद्या आहेत हे काडी सांगते, कोणत्या दगडाआड आहेत हे नाही सांगत. ते माणसांनाच ठाऊक. म्हणून केंद्रानं खाडीतल्या दोनशे चौदा माणसांना बसवून विचारलं की कोणत्या तिथीला, कोणत्या पाण्यावर, कुठं, कोणता खोटा मासा लावून काय मिळालं. ते सगळं भगताच्या पोटात घातलं. त्या यादीत मी सतरावी होते. समोर जुईली बसली होती, मांडीवर ध्वनिमुद्रक, चेहरा सरळ, आणि मला "मोकलताई" म्हणत होती. मग मीही तिला सतरा नंबरसारखीच उत्तरं दिली.

याला दोन वर्षं झाली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी जुईली घरी आली. ओटीवर चटई टाकून तिनं तिच्या पेटीतले खोटे मासे मांडले. पृष्ठभागावर गुळगुळ आवाज करणारा पिवळा, पत्र्याच्या ओठाचा बुडी मारणारा लाकडी, रबरी कोळंब्या चार रंगांच्या. शेजारी तिनं एक मोठा कागद पसरला. खाडीचा नकाशा होता. दोन्ही काठांवर हिरवे ठिपके, गर्द आणि फिके. माझा हात लसूण सोलता सोलता थांबला, कारण ठिपके बरोबर होते. धर्मा घरताची जागा बरोबर होती, नाखव्यांची बरोबर होती, वरच्या आळीची सुद्धा. ज्या जागा मला नुसत्या नजरेनं चाळीस वर्षांत उमगल्या होत्या त्या तिथं छापलेल्या होत्या.

"ह्या कोनी सांगल्या तुना?" मी विचारलं.

"कोणीच नाही. सगळे खोटं बोलले." ती हसत होती. "आये, धर्माकाका तीस वर्षं उत्तरेचं नाव घेतोय. दर वेळी. नेमका दगड नाही, पण काठ काडीला कळतो, आणि ती सांगतेय की त्याच्या माशांची खूण दक्षिणेची आहे. एक माणूस खोटं बोलला तर गोंधळ होतो. दोनशे माणसं एकाच चालीनं खोटं बोलली तर ती चाल पकडता येते, आणि पकडली की उलटी फिरवायची. भगत माशांआधी तुम्हाला शिकला. दोनशे तेरा जणांचं खोटं सुटलं."

"दोनशे तेरा?"

"एकाचं नाही सुटलं. त्यानं एका जागेची तिथी घेतली, दुसरीचं पाणी, तिसरीचा खोटा मासा, आणि काठ दर वेळी वेगळा. साडेचार तास, कुठंही चाल नाही. केंद्रात आम्ही सहा जण तीन महिने त्यावर बसलो."

माझी छाती केवढी फुगली म्हणून सांगू! पण तोंडानं मी म्हटलं, "कोन असंल गो?"

"कोणीतरी फार हुशार," जुईली म्हणाली आणि तिनं नकाशावर बोट ठेवलं.

दक्षिणेच्या काठावर, हिरव्या ठिपक्यांच्या मध्ये, एक पांढरी जागा होती. तिथं भगताला काहीच ठाऊक नव्हतं. ती माझी जागा होती.

मग तिनं हसणं थांबवलं आणि सांगितलं. मालाचे बार्ज वरपर्यंत नेण्यासाठी खाडीत खोल नाळ खणायची आहे. ती दक्षिणेनं जाणार, वाटेतल्या हिरव्या जागा टाळून, पांढऱ्या जागेतून. सोमवारी नकाशावर सही होणार. पांढऱ्याचा अर्थ "ठाऊक नाही" असा आहे, पण खणणाऱ्यांनी तो "मासा नाही" असा वाचला आहे. आता एकच वाट शिल्लक होती. एकाच दिवशी एकाच जागेवरून मीटरच्या वरच्या दोन माद्या मोजल्या गेल्या तर ती जागा राखीव होते. स्पर्धेत यंदापासून प्रत्येक होडीवर ठिकाण नोंदवणारी पेटी आहे आणि प्रत्येक मासा निरीक्षकांच्या पट्टीवर मोजला जातो. ते मोजमाप नाळेची समिती मानते.

"एक मासा चुकून येतो," ती म्हणाली. "दोन आले तर तिथं त्यांचं घर आहे. मी काठी धरणार आहे. मला तांडेल पाहिजे. येशील?"

तिनं एवढंच विचारलं. जागा विचारली नाही. मी हो म्हटलं आणि लसूण घेऊन आत गेले.

राग आला होता, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. यंत्रावर, खणणाऱ्यांवर, की स्वतःवर? मासा मोजला की पेटीतली जागा बेचाळीस होड्यांवरच्या बेचाळीस पडद्यांवर दिसणार. तीन पिढ्या जपलेलं उद्या दुपारपर्यंत चव्हाट्यावर येणार. आणि नाही दाखवली तर सोमवारनंतर तिथं दाखवायला काही उरणार नाही. इतकं साधं होतं ते. तरी माझं मन मानेना. बापानं तोंडातून न काढलेली गोष्ट मी सरकारी पेटीला कशी देऊ?

सकाळी सातला भोंगा झाला. अष्टमी होती. अष्टमीला पाण्याला ओढ कमी असते, त्याला आम्ही भांग म्हणतो. तिथीची पाऊणपट केली की समुद्रावरच्या पूर्ण भरतीची वेळ निघते, म्हणजे सहा, आणि आमच्या इथवर पाणी चढायला आणखी तासभर लागतो. तेव्हा भोंगा आणि ओहोटी एकदमच सुरू झाली. संपणार दुपारी एकला.

मी सुकाणू धरलं आणि दक्षिणेच्या कडेनं निघाले. जागा आली. माझा हात इंजिनाच्या कळीवर होता. तो हलला नाही. होडी पुढे गेली.

पुढे नाखव्यांच्या ठिपक्यावर जुईलीनं चांदीच्या रंगाचा छोटा बुडीमार टाकला आणि साडेआठपर्यंत बासष्ट सेंटीमीटरचा एक आणि अठ्ठावन्नचा एक असे दोन नर काढले. दोन्ही वेळा निरीक्षकांची होडी येऊन मोजून गेली. ती प्रत्येक माशाला पाण्यात धरून त्याचा श्वास लागेपर्यंत थांबायची आणि मगच सोडायची. तिची पाठ माझ्याकडे होती. ती एकदाही वळून पाहत नव्हती, आणि मला कळत होतं की ती मुद्दाम पाहत नाहीये. माझ्यावर ओझं पडू नये म्हणून. ती पाठ बघून मला रडू आलं, हे मी सरळ सांगते.

साडेनऊला मी होडी वळवली.

जागेवर येऊन इंजिन बंद केलं. तिवरांत चिंबोऱ्यांचा कुडकुड आवाज येत होता. होडी थोडी वाहवली. बाप इथपर्यंतच करत असे, पण मला तेवढ्यावर सोडवेना.

"जुये, मी तुना खोटा सांगला," मी म्हटलं. "हीच ती जागा. माज्या आज्याच्या वेलंला हितं बांध फुटला. जुनी उघाडी खाली बुडाली हाय, दगड आन लाकूड. त्याच्या मागं पान्यानं खड्डा केलाय, कोंडच म्हन, चौदा हात. ओहोटीचं पानी दगडावरून येतं आन खड्ड्यावर वलतं. मोठी बाय दगडाच्या आडोशाला बसती, तोंड वर करून. तिला ओढ लागत नाय आन खानं आपसूक डोक्यावरून जातं."

मी हे बोलले आणि आभाळ कोसळलं नाही. पेटीवरचा दिवा तेवढा लुकलुकत होता.

जुईली वळली. तिचे डोळे भरले होते, पण ती माझीच मुलगी, कामाला लागली. "पाणी अजून निवळ आहे," ती म्हणाली. "काय लावू?"

एकतीस वर्षांत तिनं मला पाण्यावरचा हा पहिला खरा प्रश्न विचारला.

"रबरी कोलंबी. तपकिरी. शिसं हलकं लाव, भातात खडा लागावा तवरं. वर टाक, दगडाच्या दहा हात वर, आन कायच करू नको. पानी नेतं तशी जाऊ दे. तू ओढलीस तर तिला कलनार ही कोलंबी नाय. ओहोटीला कोलंबी पोहत नाय, वाहती."

तिनं तसंच केलं. चौथ्या वेळी दोरा दगडावरून घसरला आणि एकदम थांबला. जिताडा ओढत नाही आधी, तो गिळतो आणि तोंड मिटतो, आणि वर "खाप" असा आवाज येतो. काठी वाकली. चार क्षणांनी ती पाण्याबाहेर आली, सोनेरी डोळा, उघडा जबडा, डोकं झटकत.

"काठी खाली!" मी ओरडले. उडीच्या वेळी दोरा सैल ठेवायचा असतो, ताठ असला की झटक्यात गळ सुटतो. तिनं मी सांगायच्या आधीच काठी खाली केली होती. जिताड्याच्या कल्ल्याला कोयत्यासारखी धार असते, दोन वेळा दोरा त्यावर घासला, पण तिनं पुढं जाड दोरा बांधला होता तो टिकला. पंधरा मिनिटांनी निरीक्षकांच्या पट्टीवर आकडा लागला, एकशे बारा सेंटीमीटर.

निरीक्षकानं बटण दाबलं. माझी जागा बेचाळीस पडद्यांवर लागली.

अर्ध्या तासात नऊ होड्या आल्या. तीस मीटरच्या आत कोणी यायचं नाही असा नियम, म्हणून त्या गोल करून उभ्या राहिल्या. धर्मा घरत सगळ्यांत पुढं होता. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, लहानपणापासून ओळखतो मला, आणि चाळीस वर्षं या तिवरांसमोरून रोज जातो.

"सुगंधे," तो तिथूनच ओरडला, "गेल्या शिमग्याला तू बोललीस मोठ्या उघाडीपाशी मिलाला!"

"आन तू काय बोललास रं?" मी म्हटलं.

बाकीच्या होड्या हसायला लागल्या आणि शेवटी तोही हसला. पण तो दगडाकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. आता ती जागा माझी राहिली नव्हती.

आणि नऊ होड्यांच्या पंख्यांनी तळ ढवळला. पाणी गढूळ झालं. अकरा वाजले, बारा वाजले. तपकिरी कोळंबी गेली, पांढरी गेली, काही नाही. ओहोटी संपत आली की ओढ मरते आणि मासा तोंड उघडत नाही. हातात पाऊण तास होता.

"पिवला लाव," मी म्हटलं. "वर गुलगुल करील, गढूल पान्यात आवाज तरी जाईल."

"नाही," जुईली म्हणाली.

तिनं पेटीतून बुडी मारणारा लाकडी मासा काढला, वीतभर, काळा. गढूळ पाण्यात काळा! मी कपाळाला हात लावला. मग तिनं पकड घेतली आणि त्याचा पत्र्याचा ओठ वाकवायला लागली.

"मोडशील त्याना."

"आये, ऐक. माशाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते ना, दोन्ही बाजूंना? त्या रेघेत बारीक भोकं असतात. पाणी जरा हललं की तिला तिथं कळतं. ह्या गढूळात तिला दिसत काही नाही, ती अंगानं ऐकतेय. आणि आत्ता ह्या पंख्यांनी तिचे कान किटलेत. वर आणखी गुळगुळ केलं तर ती आणखी खाली बसेल." तिनं ओठ आणखी वाकवला, पाण्यात बुडवून पाहिला. "नर घाईत असतात. सेकंदाला सातआठ हेलकावे घेणाऱ्यावर धावतात. मोठी मादी धावत नाही, तिला परवडत नाही. तिला थकलेलं खाणं हवं असतं. चार हेलकावे, फार तर. हा ओठ बाजारातून येतो तेव्हा सात घेतो."

तिनं तो पाण्यातून ओढून दाखवला. इकडं, मग जरा थांबून तिकडं.

"मेलेला मासा पन याच्यापेक्षा जोरात हालतो," मी म्हटलं.

"तेच तर."

मला पटलं नव्हतं. पण काठी तिच्या हातात होती, आणि दिवसभर तिनं माझ्या हातातलं सुकाणू ओढून घेतलं नव्हतं.

तिनं तो दगडाच्या खालच्या बाजूला टाकला, खड्ड्यात बुडवला आणि इतकं हळू गुंडाळायला लागली की धर्माच्या होडीवरून कोणीतरी जांभई दिली. दोन हात आणायचा, थांबवायचा. लाकूड आपोआप जरा वर उठायचं. पुन्हा दोन हात. बारा वाजून वीस. बारा वाजून तीस. तिच्या मनगटाच्या वर शीर ताठ झाली होती, पण वेग एका दाण्यानं वाढला नाही. मी असते तर वाढवला असता. घाई झाली असती मला, सोमवार डोळ्यांपुढं दिसत असताना. तिला तो माझ्याहून जास्त दिसत होता, आठ वर्षं होती त्यात तिची, तरी हात तसाच.

बारा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी "खाप" झालं.

ही उडाली नाही. सरळ दगडाकडे निघाली, दोरा दगडावर कापायला. मी इंजिन लावलं आणि होडी मागे घेतली, आडवी, तिला दगडापासून बाजूला काढायला. मी काय करतेय हे जुईलीनं विचारलं नाही आणि तिनं दोरा कधी सोडायचा हे मी सांगितलं नाही. दोघींना ठाऊक होतं. निरीक्षक जाळी घेऊन आला तेव्हा एकला सात मिनिटं कमी होती. पट्टीवर एकशे चार.

गोलातल्या सगळ्या होड्यांवरून आरडाओरडा झाला. धर्मानं डोक्याची टोपी काढून पाण्यात भिरकावली आणि मग ती काढायला त्याला स्वतःलाच वाकावं लागलं. जुईलीनं मादीला दोन्ही हातांवर धरलं, तोंड ओढीकडे करून. कल्ले हलायला लागले. शेपटीचा एक फटका बसला, दोघी भिजलो, आणि ती खाली गेली.

चषक आम्हाला मिळाला नाही. एकशे बारा, एकशे चार आणि सकाळचा बासष्ट, दोनशे अठ्ठ्याहत्तर. धर्मा घरतानं सकाळीच पंचाण्णवच्या आसपासचे तीन काढून ठेवले होते, त्याचे सात सेंटीमीटर जास्त भरले. चषक घेताना त्याला विचारलं की कुठं मिळाले, तर त्यानं गंभीरपणे उत्तर काठाकडे बोट दाखवलं. त्याच्या मागच्या पडद्यावर त्याची दक्षिणेची जागा केवढ्या मोठ्या अक्षरांत लागली होती. टाळ्या मात्र जोरात पडल्या.

सोमवारी पेणच्या कचेरीत गेलो. नाळेच्या कामाचे अभियंता वैशंपायन साहेब बाहेरगावचे, नेमून आलेले, माणूस सरळ होता. त्यांनी दोन्ही मोजमापं तपासली, ठिकाण जुळवलं, आणि पांढऱ्या जागेला हिरवी चौकट टाकली. नाळ उत्तरेला वळली. तिथून पुढं एक फर्लांग, मग परत मूळ वाटेवर. एका रेघेनं झालं ते. मी त्या रेघेकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून तिथं तीस होड्या लागणार हे मला ठाऊक होतं. लागोत. मोजतील आणि सोडतील.

"राखीव जागेला नाव लागतं," साहेब म्हणाले. "काय म्हणता तुम्ही हिला?"

आम्ही हिला काही म्हणतच नव्हतो. जी जागा कधी कोणी उच्चारली नाही तिला नाव कुठून असणार?

"जुनी उघाडी लिहा," जुईली म्हणाली.

"जुईलीचा कोंड," मी म्हटलं.

साहेबांनी चष्म्यावरून एकदा तिच्याकडे पाहिलं. "डॉक्टर मोकलांच्या नावानं? ताई, मला आवडलं असतं. पण सरकारी नकाशावर हयात माणसाचं नाव चालत नाही."

"हिच्या नावानं नाय साहेब," मी म्हटलं. "माझी पणजी जुईली. जुनंच नाव आहे त्या जागेचं. तिच्यावरूनच तर हिचं ठेवलं."

माझ्या पणजीच्या काळात वाघखारीत बायकांची नावं भिवरा, चांगुणा, रखमा अशी असायची. माझी पणजी भिवरा होती. हे तिथं एकाच माणसाला ठाऊक होतं.

साहेबांनी जुईलीकडे वळून विचारलं, "बरोबर आहे ना, डॉक्टर? तुम्ही पडताळलेलं असेल."

दोनशे तेरा माणसांचं खोटं जिनं उलगडलं ती माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. मी सरळ चेहऱ्यानं समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "जुनंच नाव आहे."

साहेबांनी लिहून घेतलं.